जोडावरची वस्ती

"दक्षिणेला सरकवू या ना सर, तिकडे रिकामंच आहे," रोहन केतकर म्हणाला, आणि दशरथ ओव्हाळांच्या तोंडून, विचार तोंडापर्यंत पोहोचायच्या आधीच, "रिकामं नाहीये" असं निसटलं. रोहननं पडद्यावरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. पडद्यावर दक्षिणेला नुसता हिरवा रंग होता. हिरवा म्हणजे शेती आणि शेती म्हणजे रिकामं, हे नगररचनेतल्या कालच्या पोरालाही कळतं. ज्याच्या हाताखाली सगळे नगररचनाकार काम करतात त्या साहेबाला तर ते कळायलाच हवं. मग अगदी सहज, म्हणजे पुण्यात ज्याला सहज म्हणतात तसं, त्यानं विचारलं, "सर, तुमचं गाव कुठलं?"

प्रश्न काही नवा नव्हता. हा प्रश्न पुण्यात कुणी भूगोलासाठी विचारत नाही. आडनाव ऐकून झालेलं असतं, अंदाज बांधून झालेला असतो; गाव विचारायचं ते अंदाजावर शिक्का मारायला. नोकरीवर रुजू होताना हेडक्लार्कनं विचारलं होतं, बिबवेवाडीत फ्लॅट घेताना सोसायटीच्या सेक्रेटरीनं विचारलं होतं, एका दाताच्या डॉक्टरनं तर तोंडात कापसाचे बोळे कोंबून विचारलं होतं. ओव्हाळांचं उत्तर ठरलेलं असे. "पुणंच." "नाही, पण मूळचं?" "मूळचं पुणंच." मूळचं पुण्याचं असण्याची मुभा पुण्यात फार थोड्यांना आहे, त्यामुळे समोरचा जरा हसे आणि गप्प बसे. आपण कोण हे ओव्हाळांनी कधी लपवलं नव्हतं. दिवाणखान्यात दर्शनी भिंतीवर बाबासाहेब होते. सहा डिसेंबरला ते रजा टाकत आणि अर्जावर कारण स्वच्छ अक्षरात लिहीत. लपवलं होतं ते फक्त गावाचं नाव, आणि तेही त्यांनी नव्हे, त्यांच्या वडिलांनी. पण आजवर हा प्रश्न 'रिकामं नाहीये' या दोन शब्दांच्या पाठोपाठ कधी आला नव्हता. पोराला काही कळलं की काय? की नुसताच विचारतोय, कोथरूडची मुलं विचारतात तसं, उत्तराची वाट न पाहता?

"पुणंच," ते म्हणाले. आवाज नेहमीचा निघाला, याचं त्यांना बरं वाटलं. "तुम्ही ती दोन्ही शीटं पुन्हा लावा."

शीटांची भानगड अशी होती. आसपासची गावं नुकतीच शहराच्या हद्दीत आली होती, खराडीकडे आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती उगवत होत्या, आणि जुने नकाशे कागदावरून कॉम्प्युटरमध्ये चढवायचं काम ओव्हाळांच्या विभागाकडे होतं. खराडीच्या पलीकडे एक रुंद रस्ता आखलेला होता. तो पश्चिमेच्या शीटवरून पूर्वेच्या शीटवर जाई. ही दोन शीटं फार पूर्वी दोन वेगळ्या आरेखकांनी काढली होती आणि त्या दोघांचं एकमेकांशी पटत नसे. त्यामुळे रस्ता एका शीटच्या काठाशी संपे आणि दुसऱ्या शीटवर जरा बाजूला सुरू होई. ही फट वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आली नाही, कारण नेमकी जोडावर सेलोटेप होती. कॉम्प्युटरला सेलोटेप लागत नाही, त्यामुळे आता फट उघडी पडली होती आणि रस्ता कुठेतरी सरकवून जोडणं भाग होतं. उत्तरेला सरकवला तर एका नव्या आयटी पार्कची हिरवळ, कारंजं आणि कमान जाणार. दक्षिणेला सरकवला तर नुसता हिरवा रंग. त्या हिरव्या रंगात हिराआत्या राहत होती.

मोजणी करणारा त्या काळी गावात आला असेल, चावडीवर चहा प्याला असेल, गावठाणाभोवती साखळी फिरवून वेशीपर्यंत आला असेल. वेशीपाशी त्याला कुणी सांगितलं असेल, की इथं गाव संपलं. त्यात खोटं काही नव्हतं. गावाच्या लेखी ते तिथंच संपत होतं. पलीकडे ओढा, ओढ्यापलीकडे वस्ती. माणसं, कोंबड्या, वाळत घातलेली लुगडी हे सगळं त्याला दिसत असणारच, पण बहुधा ऊन वाढलं होतं. नकाशात वेशीबाहेर त्यानं हिरवा रंग भरला. ओव्हाळ नोकरीत नवे असताना हे शीट पहिल्यांदा त्यांच्या टेबलावर आलं, तेव्हा त्यांनी बोटानं ओढा शोधला होता, मग ओढ्यापलीकडे बोट नेलं होतं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं होतं. तिथं काहीच नव्हतं. ज्या अंगणात आपण मे महिन्यात उघडे झोपलो, त्या अंगणात सरकारदरबारी ज्वारी उभी होती. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे नाव घ्यायचं, आणि नाव घ्यायचं नाही असा वडिलांचा शब्द होता. छप्पन सालानंतर वस्तीनं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, दवंडी द्यायचं सोडलं; गावानं दुकान बंद केलं, विहीर बंद केली, वाट बंद केली. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले आणि त्यांनी घरात सांगून टाकलं, की त्या गावाचं नाव ह्या तोंडांत नको. त्यांची बहीण हिरा मात्र हलली नाही. नवरा गेल्यामुळे ती माहेरी आली होती, तरणीताठी होती. "घर मोकळं सोडलं तर उद्या म्हनतील हितं कुनी ऱ्हातच नव्हतं," असं ती भावाला म्हणाली होती. आई दर मे महिन्यात दशरथला गुपचूप तिच्याकडे धाडी. वडिलांना वाटे पोर मामाकडे गेलंय. आत्याची हाक ओढ्यावरून पार गावात ऐकू जाई: "दश्याऽऽ". त्या हाकेची आता, या वातानुकूलित खोलीत, ओव्हाळांना भीती वाटली. वाटलं, ती हाक अजून कुठेतरी हवेत असेल आणि एक दिवस ऐन मीटिंगमध्ये येऊन पोहोचेल.

खात्याचा नियम होता आणि नियम चांगला होता. जिथं आपलं कुणी राहतं तिथल्या रेषेला हात लावायचा नाही. लेखी कळवून बाजूला व्हायचं. ओव्हाळ बाजूला झाले तर काम त्यांचे सहकारी सरपोतदार यांच्याकडे जाणार. इंद्रजीत सरपोतदार वाईट माणूस नव्हते. जिकडे भांडण कमी तिकडे ते रेषा ओढत, एवढंच. आणि हिरव्या रंगाला वकील नसतो. बाजूला न होता गप्प राहून स्वतःच ठरवावं, तर नियम मोडला. मग उद्या कुणीतरी शोधून काढणार, ओव्हाळनं आपल्या लोकांसाठी रस्ता वाकवला. आपल्या लोकांसाठी वाकवलेले रस्ते शहरात जागोजाग होते, त्यांना वळण म्हणत. ओव्हाळांनी वाकवला असता तर त्याला प्रकरण म्हटलं असतं. आणि याहून वाईट भीती अशी, की रस्ता उत्तरेला नेणंच बरोबर आहे असं त्यांना वाटत होतं. वळण सौम्य पडत होतं, पूल लहान होत होता, घर एकही जात नव्हतं. पण हे त्यांची नोकरी सांगत होती की त्यांचं रक्त? इतकी वर्षं पट्टी लावून रेषा तपासलेल्या माणसाला आपलीच पट्टी सरळ आहे की नाही हे कळेना. त्यांनी कागद उलटा धरून पाहिला, आरशातल्यासारखा. तरी उत्तर दिशाच बरोबर दिसली. त्यामुळे ते जास्तच घाबरले.

"जागेवर जाऊन पाहू," ते शेवटी रोहनला म्हणाले.

"जागेवर?" रोहनच्या पिढीला जागा पडद्यावर असते. "ओके सर. पण आयटी पार्कचं जमिनीचं काम बघणारे पोपट गलांडे आहेत ना, त्यांना कळवायला लागेल. ते तिथलेच आहेत, गावातले."

मधले दिवस ओव्हाळांनी कसे काढले ते त्यांच्या घरच्यांनाही कळलं नाही, कारण ते नेहमीसारखेच वागत होते. घाबरलेला सरकारी माणूस आणि नेहमीचा सरकारी माणूस यांत बाहेरून फरक फारसा नसतो. लिफ्टमध्ये कुणी शिरलं की ते मजल्याचे आकडे पाहत. टेलिफोन वाजला की आधी तो कुणासाठी असू शकेल याचा विचार करत आणि तेवढ्यात तो थांबे; मग कुणाचा होता या विचारात दुपार जाई. सकाळी मैत्री, त्यांची मुलगी, कंपनीच्या बसची वाट पाहत कोपऱ्यावर उभी असे. तीही खराडीला जायची. तिची बस रोज त्या गावाच्या फाट्यावरून वळायची आणि मैत्री कानात गाणी घालून झोपलेली असायची. आपल्या आज्यानं ज्या वाटेनं डोक्यावर ट्रंक घेऊन गाव सोडलं, ती वाट तिच्यासाठी अर्ध्या झोपेतला एक खड्डा होती. एका सकाळी ती सहज म्हणाली, "बाबा, तिकडे एक छोटासा विहार दिसतो, निळा. आपल्या लोकांचं काय आहे तिथे?" "असेल काहीतरी," ओव्हाळ म्हणाले, आणि चहात बोट बुडालं तरी त्यांना ते कळलं नाही. सांगून टाकावं असं वाटलं. पण सांगितलेली गोष्ट घरात राहत नाही. मुलगी ऑफिसात कुणाला तरी सांगेल, तो कोथरूडला राहत असेल, तो रोहनचा मित्र असेल. पुण्यात सगळेच रोहनचे मित्र असतात.

पाहणीच्या दिवशी जीप फाट्यावरून आत वळली तेव्हा त्यांनी डोळ्यांवर गॉगल चढवला. ऊन फारसं नव्हतं. आयटी पार्कच्या कमानीखाली पोपट गलांडे पांढऱ्या बुटांत उभा होता. जमीन विकलेल्या माणसाच्या पायांत पांढरे बूट येतात. मातीशी संबंध संपल्याची ती खूण. "या साहेब, या. आधी च्या घ्या," तो म्हणाला, आणि नंतर, चालता चालता, "साहेब, तुमी ओव्हाळ न्हवं का? हितं निम्मी वस्ती ओव्हाळ हाय."

"आडनावं असतात," ओव्हाळ म्हणाले.

"आसत्यात की," पोपट म्हणाला, आणि ओव्हाळांच्या चेहऱ्याकडे बाजारात बैलाचे दात बघावेत तसा बघत राहिला. पोपट त्यांच्याहून लहान होता, आणि ओढ्याच्या अलीकडचा. मे महिन्यातलं वस्तीतलं पाहुणं पोर त्याला आठवायचं कारण नव्हतं. अलीकडची पोरं पलीकडे येत नसत. ज्या रिवाजानं जन्मभर मान खाली घालायला लावली त्याचेच आज आभार मानायची वेळ आली, याचं एरवी ओव्हाळांना हसू आलं असतं.

ओढ्यावर आता फरशी टाकली होती. पलीकडे पाय ठेवला आणि वास आला: राखेचा, ओल्या शेणाचा, कुणाच्या तरी चुलीवर करपलेल्या लसणाचा. त्या वासानं त्यांना नावानिशी ओळखलं असं वाटलं. पावलं आपोआप डावीकडच्या बोळात वळू लागली, त्यांनी ती ओढून धरली आणि मुद्दाम रोहनला विचारलं, "कुठून जायचं?" रोहन नकाशाची गुंडाळी हातात धरून मध्येच थांबला होता. समोर घरांच्या रांगा होत्या, पत्र्याची शाळा होती, निळा विहार होता, विजेचे खांब होते.

"सर, इथे लोक राहतात," तो म्हणाला.

"हो का," ओव्हाळ म्हणाले.

"शीटवर एकही घर नाहीये. कसं शक्य आहे?"

"मोजणीवाला दमला असेल."

"समदं बेकायदा हाय ओ साहेब," पोपट म्हणाला. "आत्ता आत्ता झालंय."

विहाराच्या कोनशिलेवर सत्तावन्न साल कोरलेलं होतं. रोहननं ते वाचलं आणि पोपटकडे पाहिलं. "आत्ता आत्ता," तो म्हणाला. कोथरूडचा मुलगा होता. आवाज अजिबात चढवला नाही.

फीत ताणत ते शेवटच्या रांगेपाशी आले. दारात एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ओव्हाळांनी तिच्याकडे न बघता तिला पाहिलं. ती वाळून एवढीशी झाली होती; हात मात्र तेच होते, पसरट, मोठे, पुरुषासारखे. आता ती मान वर करील. आता तोंड उघडील. दोन अक्षरांची हाक निघेल, आणि तिच्यामागून प्रकरण, चौकशी, वर्तमानपत्र, आणि सरपोतदारांची दक्षिणेकडे ओढलेली सरळ, शांत रेषा. तिला खूण करावी का? पण पोपटचं लक्ष वस्तीकडे नव्हतंच, ते ओव्हाळांच्या चेहऱ्यावर होतं.

"म्हातारे, साहेब आल्यात मोजायला," पोपट म्हणाला.

हिराआत्यानं मान वर केली. डोळे ओव्हाळांच्या चेहऱ्यावर आले, तिथून रोहनच्या गुंडाळीवर गेले, तिथून पोपटच्या बुटांवर, आणि परत शेंगांत उतरले. "मोजू द्या की," ती म्हणाली. "मोजून कमी व्हनार हाय का."

"म्हातारे, तुजा भाचा पुन्यात लई मोठा साहेब हाय म्हनं. ह्याच खात्यात हाय का काय. खरं का?" प्रश्न तिला होता, पण पोपट बघत होता ओव्हाळांकडे.

"हाय की," हिराआत्या म्हणाली.

ओव्हाळांना आपल्या मनगटावरच्या घड्याळाचा आवाज ऐकू आला.

"रेल्वेत हाय. भुसावळला."

"रेल्वेत?"

"मंग. शिट्टी वाजवितो. गाडी जाती, ह्यो तितंच."

रोहन हसला. पोपटला हसावं की नाही कळेना. "मंग कवा येतो का न्हाई तुला बघायला?"

"कशाला यील? साहेब झाला की मानसाला गावाचा रस्ता घावत न्हाई. त्याच्या बापानं गावाचं नाव टाकलं, ह्येनं मला टाकलं. ल्हानपनी ह्याच वड्यात बुडत व्हता, झिंज्या धरून वर काडला म्या." तिनं एक किडकी शेंग बाजूला फेकली. "आता झिंज्या बी ग्येल्या म्हनं. फुडल्या बारीला कशाला धरू?"

ओव्हाळांचा हात टकलाकडे निघाला होता. तो त्यांनी वाटेत कॉलरीवर थांबवला आणि कॉलर नीट केली. कॉलर नीटच होती. तिनं पाहिलं असणार. ती एकेक शेंग दाबत होती, दाणे सुपात टपटप पडत होते, आणि ओव्हाळांना एकेक शब्द मोजून आपल्याच अंगावर पडल्यासारखा लागत होता. ती आपल्याला वाचवत होती. आणि वाचवता वाचवता, इतक्या वर्षांत कधी तावडीत न सापडलेला भाचा समोर उभा आहे आणि त्याला उलट बोलता येत नाही, ही संधीही ती सोडत नव्हती. त्यांना एकदम मोठ्यानं हसावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी असं वाटलं, की खाली बसावं, सुपात हात घालावा आणि शेंगा सोलायला लागावं. गुडघे थोडे वाकलेही. पोपट अजून बघत होता.

"पानी घ्येता का, साहेब?" हिराआत्यानं विचारलं.

पितळेचा तांब्या दाराशीच होता, तोंडावर पेला पालथा घातलेला. तहान तर अशी लागली होती, की जीभ टाळ्याला चिकटली होती. घ्यावं, तर पोपट म्हणेल, बघा, कसं पटकन घेतलं. आपल्याच घरचं असल्यासारखं. न घ्यावं, तर आजवर या दारातून पाणी न पिता गेलेल्या सगळ्या साहेबांच्या रांगेत आपणही उभे. तलाठी, मास्तर, मोजणीवाला. ती तांब्याला हात लावून थांबली होती.

"नको," ओव्हाळ म्हणाले.

"साहेबाकडं बाटली आसती," पोपट समाधानानं म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा संशय निवला, ऊन उतरावं तसा. हा आपल्यासारखाच निघाला.

"मी घेतो आजी," रोहन म्हणाला. त्यानं पेला भरून घेतला आणि घटाघटा प्याला. गळ्याची घाटी वर-खाली होत होती. ओव्हाळ ती घाटी बघत राहिले. रोहननं पेला परत दिला तेव्हा हिराआत्यानं पहिल्यांदा सरळ ओव्हाळांकडे पाहिलं. ते शाबासकीचं होतं की दुसरं काही, हे त्यांना कळलं नाही. तिनं पेला परत तांब्यावर पालथा घातला.

जीप फाट्याबाहेर पडली तसा रोहन म्हणाला, "सर, प्रश्नच नाही. उत्तरेलाच घ्यायला हवा. दक्षिणेला ही सगळी घरं जातायत. आणि ही वस्ती शीटवर दाखवायला पाहिजे आधी. पिवळा रंग, रहिवासी."

"तुम्हाला असं वाटतं?" ओव्हाळांनी विचारलं. त्यांना खरंच हवं होतं ते. दुसऱ्याची पट्टी.

"हंड्रेड परसेंट. गलांडेंची कंपनी आरडाओरडा करेल, करू दे. आपली पाहणी आहे ना जागेवरची." त्यानं नकाशाची गुंडाळी पायाशी ठेवली. "बरं झालं सर, तुमचं तिथे कोणी नाही. मला उगाच त्या दिवशी शंका आली होती, सॉरी हं. असतं तर सरपोतदार सरांकडे गेलं असतं. त्यांनी घरं बघितलीच नसती."

"हो," ओव्हाळ म्हणाले. "बरं झालं."

वस्ती राहील. पुढच्या महिन्यात कागद वर जाईल, वर्षभरात रस्ता उत्तरेकडून जाईल, हिरव्यात पिवळा रंग भरला जाईल आणि हिराआत्या पहिल्यांदा नकाशावर येईल. आणि ओव्हाळांना ओढ्यापलीकडे पाऊल टाकता येणार नाही. पोपट तिथंच राहणार होता, फाट्यावर, पांढऱ्या बुटांत. ती आजारी पडली तर शेजारी भुसावळला कळवायचं म्हणतील. ती गेली तर वस्तीतले चार जण उचलतील, आणि मैत्रीची बस शेजारून जाईल. आता कशालाच घाबरायचं कारण उरलं नव्हतं, आणि भीती तर तशीच होती; फक्त ती कशाची, हे सांगता येईना. त्यांनी खिडकीची काच खाली केली. मग वर केली.

"पाहणीच्या टिपणीखाली ते नेहमीचं वाक्य लागेल ना सर," रोहन मांडीवर पॅड घेत म्हणाला. "तुमच्या सहीचं. सांगा, लिहून घेतो."

हे वाक्य ओव्हाळांनी आयुष्यभर इतक्या वेळा सांगितलं होतं, की ते झोपेतही बिनचूक म्हणू शकले असते. त्यांनी घसा खाकरला.

"सदर वस्तीशी अथवा तेथील कोणत्याही रहिवाशाशी," ते सावकाश म्हणाले, "माझा कोणताही संबंध नाही."

रोहनचं पेन थांबलं.

"हितसंबंध, सर," तो म्हणाला. "हित राहिलं."

ओव्हाळांनी खिडकीची काच पुन्हा खाली केली.

"घाला," ते म्हणाले.